चॅनलच्या व्हिडिओला इंट्रो हवा की नको, हे ठरवायचं कसं

नवं चॅनल काढलं की लोगो, बॅनर आणि इंट्रो यांवर सगळ्यात आधी मेहनत होते. लोगो आणि बॅनरकडे प्रेक्षक ओझरतं बघतो, त्यात त्याचा वेळ जात नाही. इंट्रो, म्हणजे सुरुवातीची लोगो-संगीताची छोटी क्लिप, मात्र प्रत्येक व्हिडिओत त्याच्याकडून काही सेकंद वसूल करतो. म्हणून तो दिसतो कसा यावरून निर्णय घेऊ नये. तो चालू असताना किती जण निघून जातात, यावरून घ्यावा. हे मोजता येतं आणि मोजायला पैसे लागत नाहीत.

आधी थोडक्यात उत्तर. बहुतेक चॅनलांना स्वतंत्र इंट्रोची गरज नसते. ठेवायचाच असेल तर तो व्हिडिओच्या पहिल्या सेकंदाला नको. विषय काय आहे हे प्रेक्षकाला कळल्यावर यावा आणि तीन-चार सेकंदांत आटपावा. काही प्रकारच्या चॅनलांना हा नियम लागू पडत नाही, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

सवय आली टीव्हीवरून

टीव्हीवर कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा. शीर्षकसंगीत कानावर पडलं की माणूस हातातलं काम टाकून पडद्यासमोर येऊन बसायचा आणि त्याला तेवढी उसंत मिळायची. आधीचा कार्यक्रम संपून नवा सुरू झाला, ही सीमारेषाही त्या संगीतानेच आखली जायची. शिवाय कलाकारांची नावं दाखवणं भाग असायचं.

ऑनलाइन व्हिडिओत यातलं काहीच उरत नाही. प्रेक्षकाने थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) पाहिलेलं असतं, शीर्षक वाचलेलं असतं, चॅनलचं नाव शेजारीच लिहिलेलं असतं आणि त्याने स्वतः बोट लावून व्हिडिओ उघडलेला असतो. तो येऊन बसलेलाच आहे. बऱ्याचदा त्याने व्हिडिओआधीची जाहिरातही सोसलेली असते. एवढं झाल्यावर समोर लोगो गरगर फिरायला लागला की दुसऱ्यांदा थांबवल्यासारखं वाटतं, आणि पुढचा व्हिडिओ अंगठ्याच्या अंतरावर असतो.

मोठ्या कंपन्यांनाही हे उमगलं आहे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये ‘स्किप इंट्रो’चं बटण आणलं. २०२२ मध्ये त्यांनीच सांगितलं की हे बटण दिवसाला १३.६ कोटी वेळा दाबलं जातं. हे प्रेक्षक पैसे भरून, मालिका स्वतः निवडून बसलेले असतात, तरी ते इंट्रो ओलांडतात. यूट्यूबने २०१३ मध्ये चॅनलच्या सगळ्या व्हिडिओंना एकच इंट्रो आपोआप जोडायची सोय दिली होती, त्यात क्लिपची कमाल मर्यादा होती ३ सेकंद. पुढे ती सोय काढून टाकली गेली, पण तो आकडा अजूनही धरून चालण्यासारखा आहे.

पैशांचा आणि प्रसाराचा संबंधही यातच येतो. २०१२ पासून यूट्यूब शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला जास्त वजन देतं. सुरुवातीलाच गळालेला प्रेक्षक संपूर्ण व्हिडिओचा वेळ सोबत घेऊन जातो. आठव्या मिनिटाला गेलेल्या माणसापेक्षा आठव्या सेकंदाला गेलेला माणूस कितीतरी महाग पडतो.

खरा गुन्हेगार बऱ्याचदा दुसराच

सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि सगळ्यांना मिळून इंट्रो म्हटलं जातं. पहिली म्हणजे हुक, ज्या एक-दोन वाक्यांतून प्रेक्षकाला कळतं की आपल्या कामाचं इथे आहे. दुसरी लोगोची क्लिप. तिसरी म्हणजे प्रास्ताविक: नमस्कार मित्रांनो, स्वागत आहे, चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा, मागच्या व्हिडिओला छान प्रतिसाद दिलात.

या तिसऱ्या भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही. सावकाश, स्पष्ट बोलताना सेकंदाला साधारण दोन-अडीच शब्द होतात. पन्नास शब्दांचं प्रास्ताविक म्हणजे वीस ते पंचवीस सेकंद. लोगो पाच सेकंदांचा, प्रास्ताविक पंचवीसचं, आणि लोक मात्र लोगो कापून मोकळे होतात. लोगो काढूनही प्रेक्षक टिकण्याचा आलेख सुधारला नाही अशी तक्रार असेल, तर नव्वद टक्के वेळा दोष इथे असतो, असं आमचं ठाम मत आहे.

उदाहरण घेऊ. विषय असा: फोनमधली जागा भरली आहे आणि फोटो डिलीट करूनही सूचना जात नाही. नेहमीच्या पद्धतीने केलेला व्हिडिओ असा चालतो: ०:०० ला लोगो, ०:०७ ला नमस्कार आणि सबस्क्राइबची विनंती, ०:३० ला ‘आजकाल प्रत्येकाकडे स्मार्टफोन आहे’, आणि ०:४५ ला पहिला कामाचा शब्द.

तोच व्हिडिओ दुसऱ्या तऱ्हेने. ०:०० ला थेट फोनची स्क्रीन, जागा संपल्याची सूचना समोर, आणि आवाज: “फोटो डिलीट केले तरी ही सूचना जात नाही, कारण ते फोटो अजून ट्रॅशमध्ये पडून आहेत आणि जागा अडवून बसलेत.” ०:०९ ला: “ट्रॅश कुठे असतो आणि त्याशिवाय आणखी कोणत्या तीन ठिकाणी जागा अडकते, ते एकेक करून रिकामं करू.” ०:१५ ते ०:१८ लोगोची छोटी क्लिप. ०:१८ ला पहिली पायरी. सबस्क्राइबची विनंती ट्रॅश रिकामा होऊन जागा मोकळी झाल्याच्या क्षणी, एका वाक्यात. काम झालेला माणूस ती विनंती ऐकतो, काम व्हायच्या आधीचा ऐकत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत लोगोची क्लिप आहेच. पण ती येईपर्यंत प्रेक्षकाला उत्तराचा पहिला तुकडा मिळालेला आहे आणि पुढे आणखी आहे हेही कळलेलं आहे. त्याच तीन सेकंदांची किंमत इथे खूप कमी होते.

आलेख कसा वाचायचा

यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं यूट्यूबचं पान) कंटेंटमध्ये जाऊन एखादा व्हिडिओ उघडा आणि ॲनालिटिक्समध्ये ऑडियन्स रिटेन्शनचा आलेख पाहा. आडव्या रेषेवर व्हिडिओची वेळ, उभ्या रेषेवर त्या क्षणी पाहणाऱ्यांची टक्केवारी. ०:३० च्या आसपास किती टक्के लोक उरले होते हा आकडा स्टुडिओ वेगळा काढून देतो. माहिती जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून अपलोडच्या संध्याकाळी हे उघडून बसण्यात अर्थ नाही.

०:३० चा आकडा सोयीचा आहे, पण त्यात हुक, लोगो आणि प्रास्ताविक सगळं एकत्र मिसळलेलं असतं. इंट्रोचा स्वतंत्र हिशेब असा करा. इंट्रो ज्या सेकंदाला सुरू होतो आणि ज्या सेकंदाला संपतो, ते दोन्ही कागदावर लिहा. आलेखावर त्या दोन्ही ठिकाणची टक्केवारी वाचा. समजा इंट्रो ०:१५ ते ०:१९ आहे, ०:१५ ला ७६ टक्के आणि ०:१९ ला ६८ टक्के. चार सेकंदांत टक्केवारीचे ८ अंक गेले. पण प्रेक्षक तसेही थोडे थोडे गळतच असतात. ती नेहमीची गळती वजा करायला इंट्रोच्या अगदी आधीचे चार सेकंद बघा. तिथे १ अंक गेला असेल, तर इंट्रोच्या नावावर साधारण ७ अंक लागले. दहा हजार वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओत ते सातशे होतात.

आता निकाल लावायची घाई नको, कारण त्या ७ अंकांत दोन प्रकारचे लोक असतात: निघून गेलेले आणि उडी मारून पुढे गेलेले. फोनवर स्क्रीनच्या कडेला दोनदा टिचकी मारली की व्हिडिओ १० सेकंद पुढे जातो. ०:१५ ला उडी मारणारा ०:२५ ला उतरतो. म्हणजे आलेखातला खड्डा चार सेकंदांचा दिसणारच नाही, दहा सेकंदांचा दिसेल. ०:२६ च्या आसपास रेषा पुन्हा ७४ वर चढली असेल तर बहुतेक लोक टिकलेले आहेत, त्यांनी फक्त इंट्रो ओलांडला. रेषा ६६-६७ वरच सपाट राहिली, म्हणजे खड्ड्याऐवजी खाली उतरणारी पायरी दिसली, तर ते गेले. खड्डा आणि पायरी यांतला फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

खड्डा निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. इंट्रो चार सेकंदांचा आणि उडी दहाची, म्हणजे मधले सहा सेकंद तुमचं बोलणंही उडालं. त्या सहा सेकंदांत तुम्ही ‘सुरू करण्याआधी बॅकअप घ्या’ असं सांगितलं असेल, तर ऐकायलाच हवं होतं ते वाक्य नेमकं निसटलं. खाली प्रतिक्रियांत ‘बॅकअपबद्दल सांगितलंच नाही’ अशी ओरड होते ती यामुळे. इंट्रोनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत सूचना, व्याख्या किंवा लागणाऱ्या वस्तूंची यादी ठेवू नये.

आणखी तीन ठिकाणी वाचणारा फसतो. पहिल्या एक-दोन सेकंदांतली घसरण इंट्रोची नसते. चुकून बोट लागलेले, आपोआप सुरू झालेला व्हिडिओ बंद करणारे, असे लोक त्यात असतात आणि ते कुठल्याही व्हिडिओत जातात. लांब व्हिडिओत छोटा इंट्रो आलेखात हरवतो. यूट्यूबच्या एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती मागवायच्या सोयीतून) ही माहिती काढली तर लांबी कितीही असो, १०० बिंदूच मिळतात, म्हणजे वीस मिनिटांच्या व्हिडिओत एक बिंदू १२ सेकंदांचा. चार सेकंदांच्या इंट्रोची परीक्षा पाच-सहा मिनिटांच्या व्हिडिओवरच घ्यावी. तिसरी गोष्ट म्हणजे मिसळलेला प्रेक्षक. स्टुडिओत हाच आलेख नवे आणि परतून आलेले प्रेक्षक असा वेगळा करून पाहता येतो, सबस्क्राइब केलेले आणि न केलेले असाही. जुन्या मंडळींत गळती नाही आणि नव्यांत मोठी आहे असं दिसलं, तर इंट्रो चॅनलची वाढ खातो आहे. आणि गंमत अशी की ओळख करून द्यायची म्हणून जो बनवला, तो ओळख नसलेल्यांनाच घालवतो.

ठेवून आणि काढून बघणं

थंबनेलच्या दोन-तीन आवृत्त्या एकमेकींविरुद्ध लावून पाहायची सोय यूट्यूबवर आहे, पण व्हिडिओच्या सुरुवातीसाठी तशी सोय नाही. त्यामुळे तुलना हाताने करावी लागते. सलग चार व्हिडिओ इंट्रोसह आणि मग सलग चार त्याशिवाय, असं करू नका. मधल्या काळात सुट्ट्या येतात, परीक्षा येतात, एखादा विषय अचानक गाजतो, आणि फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एक सोडून एक करा. लांबी आणि प्रकार सारखा ठेवा. प्रत्येक व्हिडिओचा आकडा अपलोडनंतर तेवढ्याच दिवसांनी नोंदवा, समजा सातव्या दिवशी. पहिल्या दिवसांत नियमित प्रेक्षक जास्त असतात आणि नंतर शोधातून, शिफारशींतून येणारे वाढतात. आजचा व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओशी ताडला तर तुलना दोन वेगळ्या गर्दींची होते.

आठ व्हिडिओंत दोन्ही गटांमध्ये अंकभराचाच फरक निघाला, तर इंट्रोने नुकसान होत नाही एवढं कळलं. मग आवड म्हणून ठेवा. बनवणाऱ्याला स्वतःच्या कामाचा चेहरामोहरा हवासा वाटणं यात गैर काही नाही.

जिथे इंट्रो शोभतो

लांब मुलाखती आणि पॉडकास्ट. तिथे सुरुवातीला गप्पांतला एखादा रंगलेला तुकडा लावतात आणि मग गप्पा पहिल्यापासून सुरू होतात. मधे काहीच नसेल तर प्रेक्षक गोंधळतो, पाहुणा एकदम मागे कसा गेला ते त्याला कळत नाही. ही सीमा आखायला तीन-चार सेकंदांची क्लिप उत्तम.

चेहरा न दाखवणारी चॅनल, जिथे फक्त आवाज आणि चित्रं असतात, किंवा जिथे सादर करणारे दर वेळी बदलतात. चेहऱ्याने होणारी ओळख तिथे ठरावीक सुरावटीने होऊ शकते. लहान मुलांच्या चॅनलांची गोष्ट निराळी. मुलांना तेच गाणं पुन्हा ऐकायला आवडतं आणि ती त्याची वाट पाहतात. थेट प्रक्षेपणात ‘थोड्याच वेळात सुरू होत आहे’ ही पाटी लागतेच, कारण लोक जमायला वेळ लागतो. पण प्रक्षेपण संपल्यावर तो भाग कापून टाकायला विसरू नये. नंतर येणाऱ्याला रिकामी पाटी कशाला?

कशी करायची छापाचे व्हिडिओ, दुरुस्ती, बातम्या, अभ्यासाचे धडे यांत इंट्रो नको. माणूस अडलेला असतो, त्याला उत्तर हवं असतं. धड्यांची प्लेलिस्ट सलग पाहणाऱ्याला तर तोच लोगो तासाभरात दहा वेळा बघावा लागतो. शॉर्ट्समध्ये तर विषयच नाही. तिथे पहिल्या सेकंदाला बोट वर सरकतं.

बनवायचाच असेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय आधी सांगतो: क्लिप वेगळी न लावता लोगो चालू दृश्यावरच आणा. बोलणं थांबत नाही, खालच्या कोपऱ्यात लोगो आणि नाव तीन सेकंद येतं आणि जातं. प्रेक्षकाचा एकही सेकंद खर्च होत नाही आणि ओळख होते. यासाठी ॲनिमेशनची पार्श्वभूमी पारदर्शक हवी. नेहमीच्या एच.२६४ फाइलमध्ये पारदर्शकता साठवली जात नाही, लोगोमागे काळा चौकोन येतो तो म्हणूनच. प्रोरेझ ४४४४ किंवा पारदर्शकतेसह वेबएम अशी फाइल काढा. याशिवाय स्टुडिओच्या कस्टमायझेशनमध्ये वॉटरमार्कची सोय आहे. १५० बाय १५० पिक्सेलचं चित्र, १ एमबीच्या आत. एकदा लावलं की सगळ्या व्हिडिओंच्या कोपऱ्यात दिसतं.

वेगळी क्लिपच हवी असेल तर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) आधी जुळवा. व्हिडिओ २५ फ्रेमचा आणि तयार टेम्प्लेट ३० चा असेल तर लोगो अडखळत सरकतो. २५ च्या हिशेबाने तीन सेकंदांत ७५ फ्रेम होतात. त्यात लोगो यायला २०, वाचता यावा म्हणून स्थिर राहायला ४० आणि जायला १५, अशी वाटणी पुरते. हौशी इंट्रोंत उलटं असतं, सगळा वेळ येण्याच्या कसरतीत जातो आणि नाव जेमतेम दिसतं. ठिणग्या, चकाकणारी धूळ, उडणारे कागद टाळा. यूट्यूबवर चढताना व्हिडिओ दाबला जातो आणि असे शेकडो हलते ठिपके असले की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. भडक उघडझाप सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको, फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो.

आवाजात हमखास चूक होते. टेम्प्लेटचं संगीत कान फाडतं आणि मागून बोलणं हळू येतं. यूट्यूब आवाजाची पातळी सांभाळतं खरं, पण ते संपूर्ण व्हिडिओचा एकत्रित अंदाज घेऊन सगळा आवाज एकसारखा कमी करतं. इंट्रो आणि बोलणं यांतली दरी बऱ्याचदा राहतेच. इअरफोन लावलेल्या माणसाने एकदा दचकून आवाज कमी केला की पुढचं बोलणं त्याला नीट ऐकू येत नाही. संगीत बोलण्याच्या पातळीला किंवा दोन-तीन डेसिबल खाली ठेवा, आणि शेवटचा अर्धा सेकंद बाकी असतानाच पुढचं बोलणं सुरू करा, म्हणजे मधे पोकळी राहत नाही. फीडमध्ये व्हिडिओ बऱ्याचदा मुका चालतो, तेव्हा फक्त सुरावटीवर उभा असलेला इंट्रो तिथे काहीच सांगत नाही.

संगीताचा परवाना नीट वाचा, इथे आळस करू नका. एका व्हिडिओत घेतलेल्या गाण्यावर कॉन्टेंट आयडीचा (कॉपीराइट ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा आला तर एक व्हिडिओ अडकतो. इंट्रोतल्या पाच सेकंदांच्या संगीतावर आला तर चॅनलवरचा प्रत्येक व्हिडिओ अडकतो. वर्गणी चालू असेपर्यंतच वापरता येणारं संगीत इंट्रोला घेऊ नये. कायमचा हक्क देणारं घ्या किंवा चार सूर स्वतः वाजवून घ्या, आणि परवान्याची पावती जपून ठेवा.

व्हिडिओत प्रकरणं (चॅप्टर्स) पाडत असाल तर आणखी एक अडचण. यूट्यूबवर पहिलं प्रकरण ०:०० पासून लागतं, किमान तीन प्रकरणं असावी लागतात आणि प्रत्येक कमीत कमी १० सेकंदांचं. म्हणजे चार सेकंदांचा इंट्रो वेगळं प्रकरण म्हणून दाखवता येत नाही. हुक आणि इंट्रो मिळून एक प्रकरण करावं आणि त्याला विषयाचं नाव द्यावं.

जुन्या व्हिडिओंचं काय

अपलोड झालेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, पण स्टुडिओच्या एडिटरमध्ये भाग कापता येतो. पत्ता (लिंक), व्ह्यूज आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. सहा तासांपेक्षा लांब व्हिडिओला ही सोय नाही. एक लाखापेक्षा जास्त व्ह्यूज असतील तर चेहरे अस्पष्ट करण्यापलीकडचे बदल जतन होतीलच असं नाही, मात्र पार्टनर प्रोग्राममधल्या (यूट्यूबकडून कमाईचा वाटा मिळणाऱ्या) चॅनलांना ही अट नाही. सगळे व्हिडिओ कापत बसू नका. ज्यांच्यावर अजूनही शोधातून लोक येतात आणि ज्यांच्या आलेखात पायरी दिसते, तेवढेच निवडा. कापून झाल्यावर वर्णनातल्या आणि पिन केलेल्या प्रतिक्रियेतल्या वेळा हाताने बदला. ७ सेकंद काढले की ४:१० चं प्रकरण ४:०३ वर येतं आणि त्याखालच्या सगळ्या वेळा तेवढ्याच मागे सरकतात.